खाडा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दोन कॅलेंडरे टांगलेली असतात. एक मराठी, कारण सासूबाईंना संकष्टी, प्रदोष आणि श्राद्धाच्या तिथी त्यातच पाहायच्या असतात; दुसरे हिंदी, कारण इंदूरमध्ये राहून शेजाऱ्यांचे महिने ठाऊक नसले तर पंचाईत होते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो आणि आपल्याकडे अमावास्येनंतर, त्यामुळे आमचा श्रावण लागण्याच्या पंधरा दिवस आधीच समोरच्यांचे श्रावणी सोमवार सुरू झालेले असतात. या हिंदी कॅलेंडरावर मी गेली सव्वीस वर्षे दुधाचा हिशेब ठेवते आहे. रतिबाला इंदुरात बंदी म्हणतात. साताऱ्याहून लग्न होऊन नव्याने आले तेव्हा ‘बंदीचे दूध’ हे शब्द ऐकून सरकारने दुधावर काही निर्बंध घातले असावेत, असे मला वाटले होते. ज्या दिवशी दूध आले नाही किंवा आम्ही घेतले नाही, त्या तारखेवर फुली मारायची. ती फुली म्हणजे खाडा. दूधवाले भैया त्यालाच नागा म्हणतात.

आज लिहायचे आहे ते दुधाविषयी नाही, रोजच्या सवयीविषयी आहे. पण जे काही मला उमगले ते या कॅलेंडरापाशीच उमगले, म्हणून सुरुवात तिथून केली.

मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीए१सी ६.२ टक्के निघाले. गेल्या साधारण तीन महिन्यांत रक्तातील साखर सरासरी किती राहिली याचा अंदाज देणारी ही तपासणी आहे. ५.७ च्या खाली आकडा असला तर काळजी नसते, ६.५ किंवा त्याहून अधिक असला तर मधुमेह समजतात, आणि मधल्या पट्ट्यात असला तर माणूस उंबरठ्यावर उभा आहे असे मानतात. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले, जलेबी पूर्ण बंद करायला सांगितली आणि पोह्यांवरची शेव निम्मी करायला सांगितली. रविवारी सकाळी पोहे-जलेबीच्या कढईसमोरून मान वळवून जाणे काय असते, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. तरीही जलेबी सुटली आणि चालणे मात्र जमेना. त्यावेळी याचे मला नवल वाटले होते, आता वाटत नाही. जलेबी सोडण्यासाठी ती घरात न आणणे एवढे एकदा ठरवून भागत होते, पण चालण्याचा निर्णय मला रोज पहाटे नव्याने घ्यावा लागत होता.

पहिला प्रयत्न १ जानेवारीला झाला. नवे बूट आणले, पावले मोजणारे घड्याळ मुलाने बंगळूरहून पाठवले, पाच वाजताचा गजर लावला. सतरा दिवस चालले. अठराव्या दिवशी थंडीने अंग दुखत होते म्हणून झोपून राहिले, एकोणिसाव्या दिवशी ‘कालही गेले नाही’ या विचाराने झोपून राहिले, आणि त्यानंतर बूट थेट होळीच्या साफसफाईत दिसले. दुसरा प्रयत्न गुढीपाडव्याला, या वेळी संध्याकाळी. संध्याकाळी कधी शाळेच्या वह्या, कधी पाहुणे, कधी दळण. नऊ दिवसांत संपला. मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते आणि रोज दहा उदाहरणे सोडवण्याचा उपदेश वर्षानुवर्षे करत आले आहे, त्यामुळे या दोन पराभवांची लाज जरा अधिकच वाटली. घरातल्यांचे निदान एकच होते, आणि खरे सांगायचे तर माझेही तेच होते: इच्छाशक्ती कमी पडते.

हे निदान चुकीचे असावे अशी पहिली शंका आली ती सासूबाईंमुळे. त्यांचे वय एक्क्याऐंशी आहे आणि संध्याकाळची रामरक्षा त्यांनी चुकवलेली मी पाहिलेली नाही. एकदा मी त्यांना विचारले की इतकी वर्षे रोज न चुकता म्हणणे तुम्हाला कसे साधते. त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘अगं, दिवा लावला की ओठांवर येते, त्यात साधायचे काय आहे?’ असे म्हणून त्या पुन्हा वाती वळू लागल्या. मग मागच्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा प्रसंग मला आठवला. निरांजनापासून काही दिवस दूर राहायचे होते म्हणून दिवा मी लावत होते, त्या आतल्या खोलीत पडून असत. पहिल्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर त्या दचकून म्हणाल्या, ‘आज रामरक्षा राहिली!’ साठ वर्षे जिची आठवण ठेवावी लागली नाही, ती गोष्ट दिवा डोळ्यांसमोर नसताच विसरली गेली. रामरक्षा त्यांच्या इच्छाशक्तीवर कधी अवलंबून नव्हतीच. ती दिव्याला टांगलेली होती, आणि दिवा संध्याकाळला.

पुढे वाचताना मला दिसले की मानसशास्त्रज्ञांनी याचाच बराच अभ्यास केलेला आहे. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात हे मांडले की ‘मी व्यायाम करीन’ असा संकल्प आणि ‘अमुक घडले की लगेच मी तमुक करीन’ अशी जोडणी यांत मोठे अंतर आहे. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. एका गटाला काहीच सांगितले नाही. त्यांतल्या ३८ टक्के जणांनी ठरलेल्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटे जोरकस व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो हे पटवून देणारे पत्रक वाचायला दिले. त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के निघाले. तिसऱ्या गटाने पत्रक वाचलेच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे कागदावर लिहिले. त्यांच्यात ते ९१ टक्के होते. आठवड्यातून एकदा व्यायाम करणे म्हणजे सवय नव्हे, तेव्हा या ९१ टक्क्यांनी फार हुरळून जाऊ नये, असे मला वाटते. परंतु ३५ आणि ३८ हे दोन आकडे मला जास्त बोलके वाटतात, कारण उपदेशाच्या पत्रकाचा परिणाम पत्रक न देण्याइतकाच झाला होता. वर्गातली माझी कित्येक भाषणे मला त्या ३५ मध्ये दिसली.

मग माझा दिवा कोणता, याचा शोध सुरू झाला. रोज घडणारी, माझ्या लहरीवर अवलंबून नसलेली आणि मला घराबाहेर काढणारी अशी एखादी घटना हवी होती. ती दररोज सकाळी पावणेसातच्या सुमारास गाणे वाजवत आमच्या गल्लीत येत होती. कचऱ्याची गाडी.

इंदूरबाहेरच्या वाचकांना यात विनोद वाटेल, म्हणून या गाडीविषयी थोडे सविस्तर सांगते. देशातल्या शहरांच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१६ साली आमचे शहर पंचविसावे होते. २०१७ मध्ये ते पहिले आले, आणि २०२३ मध्ये सुरतेच्या जोडीने का होईना, सलग सातव्यांदा पहिलेच राहिले. एका वर्षात लाखो माणसांचे चारित्र्य सुधारले असे कोणी म्हणत असेल तर मी मानणार नाही. मी त्याच माणसांपैकी एक आहे. माझ्या पाहण्यात जे बदलले ते दोन गोष्टींत होते. एक म्हणजे गाडी रोज यायला लागली, पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी वॉर्डांत, ठरलेल्या वेळी, सणावारीसुद्धा, आणि तिचे गाणे लांबूनच ऐकू येऊ लागले. दुसरी म्हणजे कोपऱ्यावरची कचरापेटी उचलली गेली. त्यामुळे ‘आत्ता कंटाळा आला आहे, रात्री जाता-जाता टाकू’ ही सोयच उरली नाही. दंडाची भीती होती, भिंतींवर घोषणा होत्या, मुलांच्या प्रभातफेऱ्याही होत्या; पण त्यातले काहीच नसते आणि ही गाडी तेवढी रोज आली असती, तरी बहुतेक घरांत दोन डबे आलेच असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आधी ओला आणि सुका इतकेच वेगळे करायचे होते. पुढे प्लॅस्टिक, ई-कचरा, घरगुती घातक वस्तू आणि सॅनिटरी कचरा धरून सहा प्रकार झाले, तोवर हात वळलेला होता, म्हणून कुरकुर न करता तेही अंगवळणी पडले. आमच्या ओल्या कचऱ्याचे देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस आणि खत होते, आणि त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात, हे मला २०२२ मध्ये त्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले तेव्हा नीट कळले. साली वेगळ्या डब्यात टाकायला मी त्याच्या कितीतरी आधी लागले होते. हे काम का करायचे ते मला नंतर पटले.

आणि ही सवय किती गाडीची व किती माझी, याचाही पुरावा माझ्याजवळ आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात धार जिल्ह्यातल्या एका गावी नातेवाइकांकडे आठवडाभर राहिले होते. तिसऱ्या दिवशी आंब्याच्या साली, बिस्किटाचे वेष्टन आणि चहाची पूड एकाच टोपलीत टाकताना मी स्वतःला पाहिले. तिथे गाणे वाजत नव्हते.

तर जूनच्या मध्यावर, शाळा सुरू झाल्या त्या सुमारास, मी एवढेच ठरवले की गाडीचे गाणे ऐकू आले की बूट घालून डबे घेऊन खाली उतरायचे, आणि डबे रिकामे झाले की ते जिन्याखाली ठेवून तसेच पुढे चालू लागायचे. वर परत यायचे नाही. डबे द्यायला मी गेली कित्येक वर्षे रोज उतरतच होते, त्यामुळे अवघड अर्धे काम आधीच झालेले असायचे. बुटांची जागा चपलांच्या कपाटातून हलवून डब्यांशेजारी केली. ऐकायला हे हास्यास्पद वाटते, पण जानेवारीत माझे बूट कपाटात वरच्या खणात होते आणि ते काढायला स्टूल लागत असे. पहाटे पाचच्या अंधारात, सगळे झोपलेले असताना, स्टूल ओढण्याचा आवाज नको म्हणून मी किती वेळा पुन्हा पांघरूण घेतले असेल, ते मोजलेले नाही.

अंतराच्या बाबतीत मात्र मी आणखी एक माघार घेतली, आणि ती मला माझ्या सासऱ्यांच्या एका जुन्या बोलण्यावरून सुचली. त्यांना गाण्याचे वेड होते. उस्ताद अमीर खाँ म्हणजे इंदूरचे भूषण, आणि त्यांना समोर बसून ऐकल्याच्या आठवणी ते जेवताना सांगत असत. खाँसाहेबांना वडिलांनी, शाहमीर खाँ यांनी, मेरुखंडाची तालीम दिली होती. मी गणिताची म्हणून सासरे मला त्यातली गंमत उलगडून सांगत. सात स्वर घेतले आणि प्रत्येक स्वर एकदाच वापरून त्यांचे क्रम लावत गेले, तर ५०४० क्रम होतात. या आकड्याने कोणीही घाबरेल. पण तीनच स्वर घेतले तर क्रम होतात फक्त सहा. चार घेतले तर चोवीस, पाच घेतले तर एकशे वीस. सासरे म्हणत की सहा क्रम पाच मिनिटांत म्हणून होतात आणि रोज म्हटले की गळ्यात बसतात, मग चौथा स्वर आपण होऊन हाक मारतो. मी अर्ध्या तासाऐवजी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन यायचे ठरवले. सहा मिनिटे लागतात. पहिले दोन आठवडे तेवढेच केले आणि अधिक चालावेसे वाटले तरी मुद्दाम चालले नाही. जुलैत राजेंद्र नगर स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेले, ऑगस्टमध्ये परत येताना मैदानाला दोन फेऱ्या वाढवल्या. आता पस्तीस मिनिटे होतात. थोडक्यापासून सुरुवात करा असा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो देणारे थोडक्यातच थांबू नका हे सांगायला विसरतात, अशी माझी तक्रार आहे. सहा मिनिटांच्या चालण्याने माझी साखर तसूभरही हलली नसती.

परतल्यावर चहा आणि वर्तमानपत्र. चहा आधी घ्यायचा नाही, हा एकच कडक नियम मी पाळते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांविषयी वाचले तेव्हा या नियमाला बळ मिळाले. टी या इंग्रजी अक्षराच्या आकाराच्या चक्रव्यूहात उंदीर सुरुवातीला धावत असताना त्याच्या मेंदूतल्या, सवयींशी निगडित असलेल्या खोलवरच्या भागात पूर्ण वाटभर हालचाल दिसत असे. पुष्कळ वेळा धावल्यावर ती हालचाल प्रामुख्याने सुरुवातीला आणि शेवटी, खाऊ मिळण्यापाशी, एकवटली. मधली वाट जणू एकच गाठोडे झाली. माझ्या गाठोड्याच्या एका टोकाला कचऱ्याच्या गाडीचे गाणे आहे आणि दुसऱ्या टोकाला आल्याचा चहा. मधली गल्ली, स्टेशनचा रस्ता आणि मैदान यांविषयी मला आता काही ठरवावे लागत नाही. परवा तर मैदानाच्या दोन फेऱ्या झाल्या की तीन, हेच आठवेना.

किती दिवसांत हे होते, असा प्रश्न मैत्रिणी विचारतात आणि उत्तरही त्याच देतात: एकवीस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ वाटेत गळला आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, अभ्यास, ध्यान असे काहीही बसवले गेले. प्रत्यक्ष मोजमाप बरेच पुढे झाले. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ स्वयंसेवकांना खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एखादी गोष्ट दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून रोज करायला सांगितली आणि बारा आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. ती गोष्ट आपोआप घडू लागण्यास लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ निघाला, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणाला २५४ लागतील असे दिसले. इथे माझ्यातली शिक्षिका गप्प बसत नाही: अभ्यास ८४ दिवसांचा होता, तेव्हा २५४ हा आकडा कोणी मोजलेला नाही, तो आलेख पुढे वाढवून काढलेला आहे. शिवाय पेलाभर पाणी पिण्यापेक्षा व्यायामाची सवय लागायला सुमारे दीडपट वेळ लागला. म्हणजे एकविसाव्या दिवशी काहीच जाणवले नाही म्हणून मी जानेवारीत जे खजील झाले असते (अर्थात तिथवर पोहोचलेच नव्हते), ते व्यर्थ ठरले असते.

त्याच अभ्यासातले एक निरीक्षण मात्र मी वहीत लिहून घेतले. मध्येच एखादा दिवस चुकला तर सवय जडण्याच्या प्रक्रियेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. हे वाचले आणि माझी नजर दारामागच्या हिंदी कॅलेंडरावर गेली.

आमच्या मुलाने फोनवर एक ॲप घेतले होते, त्यात तो ध्यानाची नोंद करत असे. सलग किती दिवस झाले हे त्यात मोठ्या अक्षरांत दिसायचे. एकशे बारा दिवस झाले तेव्हा त्याने मला त्याचे छायाचित्र पाठवले. त्यानंतरच्या आठवड्यात त्याला ताप आला, दोन दिवस हुकले आणि आकडा शून्यावर आला. त्याने ध्यान सोडून दिले. ‘पुन्हा एकपासून कोण मोजणार?’ असे तो म्हणाला. मला त्याचे नवल वाटले नाही, कारण अठराव्या दिवशी झोपून राहिल्यावर मीही तेच केले होते. फरक इतकाच की माझा आकडा कोणत्याही यंत्राने शून्यावर आणलेला नव्हता. तो मीच आणला होता.

आता दुधाचा हिशेब पाहा. सव्वीस वर्षांत असा एकही महिना नसेल ज्यात दुधाचा एकही खाडा नाही. भैयाच्या घरी लग्न असते, आमचा प्रवास असतो, म्हैस आटते, रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तेवढे पैसे वळते करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेले दाराशी ठेवायचे. तीन खाडे झाले म्हणून बंदीच मोडली, असे कोणी करत नाही, आणि भैयाही लाजून गायब होत नाही. खाड्याला हिशेबात एक जागा आहे. आणि खाडा हा शब्द तरी कुठे वापरतात? मोलकरणीचा खाडा, शिकवणीचा खाडा, दुधाचा खाडा. जे चालू आहे त्यातच खाडा होतो. जे बंद पडले त्यात खाडा म्हणत नाहीत. हा विचार मनात आला त्या दिवसापासून मी चाललेले दिवस मोजणे सोडून दिले आणि न चाललेल्या दिवसांवर दुधाच्याच कॅलेंडरावर फुल्या मारू लागले. यातून एक अनपेक्षित सोय झाली. रिकामे चौकोन चाललेल्या दिवसांचे असल्यामुळे रोज काही लिहावे लागत नाही, आणि लिहिण्याचा कंटाळा हा नोंदी ठेवणाऱ्या माणसाचा मोठा शत्रू असतो.

खाड्यांसाठी नियम एकच ठेवला: लागोपाठ दोन खाड्यांपर्यंत कारण विचारायचे नाही. तिसरा लागला तर आकड्यांकडे न पाहता आकड्यामागच्या खुंटीकडे पाहायचे, म्हणजे गाणे कानी का पडले नाही हे शोधायचे. जुलैत आठ खाडे झाले, त्यांतले पाच सलग. पाऊस जोराचा असला की खिडक्या बंद असतात, गाणे ऐकू येत नाही आणि शेजारची मुलगी आमचेही डबे देऊन टाकते. तिच्या चांगुलपणाने माझी खुंटी उपटली होती. तिला थांबायला सांगणे फार अवघड गेले, तिला वाटले मी रागावले आहे. पावसात चालायचे कुठे हा प्रश्न उरलाच, तर इमारतीचा तळमजला ते गच्ची असे जिने चढले. कंटाळवाणे आहे, पण पस्तीस मिनिटे होतात. गणपतीत पहाटेची गडबड असूनही गाडी येतेच, त्यामुळे सप्टेंबर बरा गेला. दिवाळीत साताऱ्याला माहेरी आठ दिवस होते आणि तिथे सातच्या सात फुल्या ओळीने पडल्या. एक दिवस अजिंक्यताऱ्यावर चढले म्हणून तो सुटला. तिथे मला गाडी नव्हती, गाणे नव्हते आणि पहाटे उठल्यावर आईने पुढे केलेला चहा नाकारण्याची छाती नव्हती. पुढच्या वेळी माहेरी काय करायचे याचा तोडगा अजून सापडलेला नाही, आणि सापडला नाही तरी आठ दिवसांनी मी इंदूरला परत येणारच आहे.

आमच्या यजमानांनी माझे पाहून रात्री झोपताना फोन न पाहण्याचा नेम केला. एखादी गोष्ट न करण्याच्या नेमाला खुंटी कुठली बांधणार, हे आम्हा दोघांनाही सुचले नाही. शेवटी चार्जर बैठकीच्या खोलीत हलवला, कोपऱ्यावरची कचरापेटी उचलली तसा. बऱ्यापैकी चालले आहे. त्यांचे खाडे ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

१५ जून ते ३० नोव्हेंबर हे १६९ दिवस होतात. माझे खाडे असे: जूनमध्ये दोन, जुलैत आठ, ऑगस्टमध्ये पाच, सप्टेंबरमध्ये सहा, ऑक्टोबरमध्ये अकरा, नोव्हेंबरमध्ये चार; एकूण छत्तीस. म्हणजे १३३ दिवस चालले, साधारण ७९ टक्के. माझ्या वर्गात इतके गुण मिळवणाऱ्या मुलाला मी कधी नापास म्हटलेले नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तपासणी केली, एचबीए१सी ५.८ आले. डॉक्टर म्हणाले की उंबरठा ओलांडलेला नाही, पण पाय मागे आला आहे. यात चालण्याचा वाटा किती आणि सुटलेल्या जलेबीचा किती, हे मला वेगळे काढता येणार नाही.

त्याच आठवड्यात भैया नोव्हेंबरचा हिशेब करायला आले. नेहमीप्रमाणे त्यांनी दारामागे जाऊन कॅलेंडरावर बोट फिरवत फुल्या मोजल्या आणि म्हणाले, ‘मॅडम, इस बार सात नागे?’ त्यांच्या वहीत तीनच होते. मी सांगितले की तीन तुमचे, उरलेले चार माझे, मी सकाळी चालायला जाते त्यातले. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, तीन दिवसांचे पैसे वळते केले, वही मिटली आणि जाता जाता विचारले, ‘और आपके चार का पैसा कौन काटता है?’ सासूबाई आतून हसल्या. डिसेंबरपासून माझ्या फुल्या मी हिरव्या शाईने मारते.